पंगतीतले नऊ जण

विद्याधर हंचाटेला जगायचं आहे, असं त्याच्या घराचं म्हणणं होतं. त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. पण सन २०४४मध्ये माणसाला त्याचं म्हणणं विचारायची पद्धत जवळजवळ उठलीच होती, आणि ती उठवण्यात त्याच्याच बायकोचा मोठा हात होता.

सोलापुरात विजापूर रस्त्यालगतच्या एका वसाहतीत, तळमजल्यावरच्या खोलीत, तो गेली तीन वर्षं पडून होता. आयुष्यभर भूमापन खात्यात गावोगावच्या जमिनी मोजत हिंडलेला माणूस. आधी बोटं गेली, मग पाय, मग जीभ. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसाच एकेक करून मरतात, असा तो आजार. डोकं मात्र लख्ख राहतं, आणि खरी शिक्षा तीच. बोलता येत होतं तेव्हाच त्याने कागदावर लिहून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवलं होतं, की श्वास अडला तर अडू द्यावा, मला यंत्रावर ठेवू नये.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी श्वास अडला. त्याची बायको सुचेता स्वयंपाकघरात होती, त्यामुळे तिच्याआधी भिंतीला कळलं. भिंतीनेच रुग्णवाहिका बोलावली. सायरन ऐकून सुचेता कपाटातून कागद काढून धावत आली, तोवर विद्याधरच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवलीसुद्धा होती.

"मॅडम, कागद बरोबर आहे," रुग्णवाहिकेतला तरुण डॉक्टर अदबीने म्हणाला. "पण सरांचा मनोदयांक एक्याऐंशी दाखवतोय. मी नळी घातली नसती तर मला आत जावं लागलं असतं."

सुचेताने कागदाची घडी घातली. वाद कशावर घालणार? मनोदयांक हा शब्दही तिचाच होता.

डॉ. सुचेता हंचाटे यांचा विषय सर्वव्यापी संगणन. नाव भारदस्त, कल्पना साधी. संगणक टेबलावर नको, खिशातही नको; तो भिंतीत असावा, फरशीखाली असावा, गादीत असावा, आणि गिलाव्याआडच्या वायरिंगसारखा आपल्याला दिसूच नये. भिंतीतल्या बोटभर रडारला माणसाच्या छातीची हालचाल कळते, नाडीच्या ठोक्याने कातडी थरथरते तीही कळते. फरशीला वजन कुठल्या पायावर आहे ते समजतं. तुम्ही पाण्याच्या पेल्याकडे हात नेता, त्याआधी क्षणभर तुमचा खांदा ताठ झालेला असतो. असल्या शेकडो बारीक खुणा एकत्र करून एक आकडा काढायचा. शून्य ते शंभर. समोर जे आहे ते या माणसाला किती हवं आहे, याचा तो आकडा. मग यंत्राशी बोलायला नको, बटणं दाबायला नकोत. घर ओळखून घेईल.

परदेशात हे झकास चालत होतं. सुचेताने पुण्याला प्रयोगशाळा काढली आणि इथे ते सपशेल आपटलं. घर विचारायचं, चहा करू का? माणूस म्हणायचा, नको. घर चहा करायचं नाही आणि माणूस तासभर धुमसत बसायचा. तीनदा विचारल्याशिवाय हो म्हणणं आपल्याकडे अजून जरा हावरटपणाचंच समजतात, आणि हे शिकायला यंत्राला कुठलं आजोळ होतं?

तेव्हा सुचेताला ती युक्ती सुचली, जिच्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. बार्शीला, तिच्या माहेरी, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. तिने हट्टाने खाली पंगती बसवल्या आणि बसकरांच्या आत आणि मांडवाच्या पडद्यांत संवेदक शिवून घेतले. वाढप्यांना सांगितलं, जिलबीचा आग्रह अगदी नेहमीसारखा करा. त्यांना सांगायची गरजच नव्हती म्हणा. पोट फुटलं, आता पुरे, हात जोडतो, असं म्हणत ताटावर आडवे पडलेल्या माणसांचा खांदा, नाडी आणि नजर जिलबीकडेच धावत होती. एकूण चारशे बारा जणांचे नकार नोंदले गेले. त्यातल्या चारशे तीन माणसांनी पुढच्या मिनिटभरात जिलबी खाल्ली.

उरले नऊ. त्यांनी खरोखरच खाल्ली नाही. कुणाला साखर होती, कुणाचा उपास होता, एक म्हातारे नुसतेच बसून होते. त्यांची नाडी, खांदे इतरांसारखेच हलले होते, आणि तरीही ते नको म्हणाले ते नकोच होतं. ते नऊ जण सुचेताच्या आलेखात कुठेच बसेनात. नऊ म्हणजे जेमतेम दोन टक्के. असल्यांना तिच्या विषयात गोंगाट म्हणतात आणि गोंगाट गाळायचा असतो. तिने गाळला. तोंडाचा नकार जवळजवळ शून्य धरावा, अंगाचा होकार प्रमाण मानावा, हे त्या निबंधाचं सार. निबंध जगभर गाजला.

आणि मग कायदा आला. इस्टेटीपायी म्हाताऱ्या आईबापांकडून "उपचार नकोत" असे कागद लिहवून घेण्याचे प्रकार फार वाढले होते. सरकारने समिती नेमली. समितीसमोर सुचेता ठणकावून म्हणाली होती, "कागद खोटा असू शकतो, तोंड खोटं बोलू शकतं. अंग खोटं बोलत नाही." टाळ्या पडल्या होत्या. सहा महिन्यांत माणसाच्या लेखी इच्छेवर मनोदयांकाची मोहोर असल्याशिवाय ती ग्राह्य धरायची नाही, असं ठरलं. हजारो म्हातारी माणसं त्याने वाचली, हेही खोटं नाही.

विद्याधरला दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी त्याने अक्षरफळीकडे नजर वळवली. ही एक साधी पारदर्शक फळी, तिच्यावर मुळाक्षरं. तो अक्षराकडे बघायचा, समोरच्याने ते ओळखून म्हणायचं, बरोबर असेल तर तो एकदा पापणी मिटायचा, चूक असेल तर दोनदा. डोळ्यांनी चालणारा पडदा सुचेताने कधीच आणून दिला होता, पण त्याने "न"वर नजर टेकवली की पडदा "नाश्ता हवा" असं पुरं करून दाखवायचा. विद्याधरला त्याची शिसारी होती.

"क," मल्लिनाथ फळी धरून म्हणाला. विद्याधरचं सगळं करणारा हा चाळिशीचा माणूस, मूळचा अक्कलकोटचा. "काना... का. ढ. काढ? काय काढू, सर?"

विद्याधरने डोळे खाली, गळ्याकडे वळवले.

"विदू, काढता येत नाही रे," सुचेता म्हणाली. "अंक खाली आल्याशिवाय नाही काढता येत."

त्याने परत फळीकडे नजर वळवली. मल्लिनाथने अक्षरं जुळवली आणि मोठ्याने वाचायला तो कचरला.

"वाच," सुचेता म्हणाली.

"'तुझं यंत्र. तू सांग त्याला.'"

तिने सांगायचा प्रयत्न केला. मनोदय प्राधिकरणाचा प्रमुख होता निनाद होनराव, तिचाच विद्यार्थी. पुण्याहून तो पडद्यावर आला आणि खुर्चीतून अर्धवट उठून त्याने नमस्कार केला.

"मॅडम, नियमात बसवून द्या, मी आजच्या आज सही करतो. सलग पंधरा दिवस अंक विसाच्या खाली. एवढंच."

"निनाद, यंत्राला खरा नकार कळतच नाही. मी त्याला तो कधी दाखवलाच नाही. नऊ माणसं होती, ती मी गाळली."

"तुमचा निबंध मी दरवर्षी शिकवतो, मॅडम." तो ओशाळला. "दुरुस्ती करता येईल. नव्या नोंदी, चाचण्या, समिती. चौदा महिने तरी लागतील."

"चौदा महिन्यांत त्याचे डोळे जातील."

हीच खरी भीती होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीनेक महिन्यांत बुबुळं हलवणारे स्नायूही जातील. मग फळी नाही, पापणी नाही. यंत्र श्वास देत राहील, दहा वर्षं, पंधरा वर्षं, आणि आत तो जागा असेल, छताकडे बघत, हो किंवा नाही म्हणायचीही सोय नसलेला. घर मात्र रोज नोंद करत राहील, की यांना जगायचं आहे.

"मला मिनिटामिनिटाच्या नोंदी पाठव," सुचेता म्हणाली. "नातेवाइकाला तेवढा हक्क आहे."

तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. अंक सारखा नव्हताच मुळी. सकाळी सव्वासातला चौदा. पावणेआठला एकोणऐंशी. अकराला पंधरा, साडेअकराला एक्याऐंशी. आधी तिला वाटलं, औषधांच्या वेळा असतील. मग वाटलं, संवेदक बिघडलाय. चौथ्या दिवशी ती मुद्दाम बाहेर पडली आणि वसाहतीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी तासभर बसून राहिली. परत येऊन तिने नोंद पाहिली. तो तासभर अंक तेरा होता, आणि ती दारातून आत शिरली त्या मिनिटाला तो बहात्तरवर चढला होता.

सव्वासातला ती आंघोळीला जायची. अकराला भाजी आणायला.

यंत्राचं काहीही बिघडलेलं नव्हतं. विद्याधरच्या अंगाला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. नळी नव्हे, ती. पण त्या खोलीत यंत्राला एकच प्रश्न ठाऊक होता, श्वास चालू ठेवायचा का? त्यामुळे त्या अंगात जी काही ओढ उठेल, ती यंत्र त्याच एका प्रश्नाचं उत्तर समजत होतं.

सुचेता टेबलावर डोकं टेकून रडली. एकोणतीस वर्षांच्या संसारात या मोजणीवाल्या माणसाने तुझ्यावाचून करमत नाही, असं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता ते मिनिटामिनिटाने छापून समोर पडलं होतं. त्या रडण्यात थोडा आनंदही होता. तो जाणवला तेव्हा तिला स्वतःची अतोनात चीड आली.

तिने त्याला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्याने फळीकडे बघितलं.

"'मग तू जा,'" मल्लिनाथने वाचलं.

"कुठे जाऊ?"

"'लांब.'"

"इतकं सोपं आहे तुला?" ती एकदम ओरडली. मल्लिनाथ फळी तशीच धरून खाली मान घालून उभा राहिला. "पंधरा दिवस तुला बघायचं नाही, आणि त्यानंतर... त्यानंतर काय उरणार आहे, विदू?"

या वेळी अक्षरांना फार वेळ लागला. डोळे मध्येच घसरत होते.

"'सोपं नाही. पण मला सोडव.'"

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनाजवळच्या एका लॉजवर राहायला गेली. जाण्यापूर्वी मल्लिनाथने खुंटीवरची तिची साडी काढली, तिची उशी, तिचा चष्मा, तेलाची बाटली, सगळं माळ्यावर टाकलं. भिंतीवरचा फोटो उलटा करून ठेवला. खोलीत तिचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. विद्याधरही त्याच्या परीने कामाला लागला. तिचा विचार मनात आला की तो उत्तर सोलापूर तालुक्यातल्या गावांचे जुने गट नंबर ओळीने आठवायला लागायचा, असं त्यानेच मल्लिनाथला कळवलं होतं.

"आज अठरा बगा, मॅडम," मल्लिनाथ संध्याकाळी अंगणात येऊन फोन करायचा. "काल एकोणीस व्हता. सर लई नेटानं करायलेत."

आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी सकाळी मल्लिनाथने सांगितलं की सरांना ताप भरलाय आणि तापाची इंजेक्शनं इथल्या दुकानात मिळत नाहीत. सुचेताने ती स्टेशनाजवळून घेतली. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवता आली असती. खरं सांगायचं तर तिला ती पाठवायची नव्हती. पण ती बेफिकीर नव्हती. भिंतीतलं रडार किती लांबचं बघतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? अकरा मीटर. ती फाटकाबाहेर चांगली चौदा मीटरवर थांबली. मल्लिनाथ बाहेर आला. "झोपलाय का?" तिने हळूच विचारलं, पिशवी त्याच्या हातात दिली आणि आली तशी परत गेली.

लॉजवर पोचते तोच फोन वाजला.

"मॅडम, आकडा बासष्ट झालाय ओ. पयल्यापास्नं मोजा म्हनतंय ते आता."

रडारने तिला बघितलंच नव्हतं. पण खिडकी उघडी होती, आणि तिचे ते दोन शब्द विद्याधरने ऐकले होते. यंत्राची नजर कुठवर पोचते हे तिने इंचाइंचाने मोजलं होतं. नवऱ्याचे कान कुठवर पोचतात, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिच्या दोन शब्दांनी त्याचे आठ दिवस पाण्यात गेले होते.

"सर काही म्हणाले?"

"दिवसभर डोळेच उघडलं न्हाईत. आत्ता फळी मागितली." मल्लिनाथ घुटमळला. "'तिला बार्शीला पाठव' म्हनले."

ती बार्शीला गेली. चुलतभाऊ सुधाकर बाजारातली अडत मुलाकडे सोपवून घरीच असायचा. तो म्हणाला, "सुचे, ये. राहा हवं तितकं." त्याने जास्त काही विचारलं नाही. तिला जेवण जायचं नाही. वहिनी आग्रह करायची, एक घास घ्या, वन्सं, अर्धी तरी घ्या, आणि सुचेताच्या अंगावर काटा यायचा.

ती रोज आकड्याची वाट बघायची. एकोणीस. सतरा. सतरा. चौदा. आकडा उतरतोय म्हणजे तो आपल्याला विसरतोय असं नव्हे, हे तिला बुद्धीने पक्कं ठाऊक होतं. तरी दर खेपेला काळजात कळ उठायची. दहाव्या दिवशी नऊ आला. या जगातलं सगळंच त्या अंगाला नकोसं झालं होतं. आपलं काम फत्ते होतंय, आणि ते किती भयंकर आहे, असं ती एकदा सुधाकरला म्हणाली. त्याला ते नीटसं समजलं नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी निनादने सही केलेला आदेश आला. दहा वाजता डॉक्टर घरी जाऊन यंत्र काढतील. त्याचा स्वतःचा श्वास थोडा शिल्लक आहे. काही तास जातील, कदाचित एखाददुसरा दिवस. गुदमरू नये म्हणून औषध देतील. त्यानंतर अठ्ठेचाळीस तास घराचं निरीक्षण चालूच राहील आणि त्या काळात अंक पन्नासच्या वर गेला, तर यंत्र पुन्हा जोडण्यात येईल.

"मी त्या अठ्ठेचाळीस तासांनंतर येईन," सुचेताने मल्लिनाथला बजावलं. "तोवर तो काहीही म्हणाला, तरी आकड्यावर नजर ठेवा. परत नळी बसली तर तो ते सोसू शकणार नाही."

"व्हय, मॅडम."

दिवसभर ती माडीवरच्या खोलीत फोन समोर ठेवून बसली. दुपारी पावणेपाचला तो वाजला.

"गेले, मॅडम. चार वाजून धा मिनटांनी. तरास न्हाई झाला. माझा हात व्हता हातात."

"बरं," सुचेता म्हणाली.

"मॅडम, एक सांगायचंय. सांगू का नको कळंना."

"सांगा."

"दोनच्या सुमाराला सरांनी फळी मागितली. मला वाटलं, पानी हवं असंल. तर लिवलं, 'आता तिला बोलावलं तर चालेल?' मी आकडा बगितला. लिवता लिवताच चव्वेचाळीसवर गेलता. मी घाबरलो ओ. म्हनलं, सर, परवा धा वाजेपातूर थांबा, मग मी सोता गाडी घिऊन जातो मॅडमला आनायला. त्यांनी एकडाव पापनी मिटली. बरं म्हनून. मग आकडा हळूहळू खाली आला. परत काय मागितलं न्हाई त्यांनी." तो रडू लागला. "माझं चुकलं का, मॅडम? बार्शीस्नं तुमी दीड तासात आला असता."

खाली वहिनीने चुलीवर काही ठेवलं होतं, त्याचा वास माडीवर येत होता. सुचेता खिडकीजवळ उभी होती.

"तुमचं नाही चुकलं, मल्लिनाथ. ते अठ्ठेचाळीस तासांचं कलम मी घालायला लावलं होतं. समितीत कोणी तयार नव्हतं, मी भांडून घेतलं होतं ते."

"कशापायी, मॅडम?"

"शेवटच्या घटकेला माणसाला काही हवंसं वाटलं, तर ते त्याला मिळावं म्हणून."

तिने फोन ठेवला आणि सुधाकरला गाडी काढायला सांगायला ती जिना उतरली. आता तिने घरी जायला कोणाची हरकत नव्हती.